यंत्र कपाटावर का जातं?

झोपेत श्वास अडणाऱ्यांसाठी जे यंत्र मिळतं त्याला सीपॅप म्हणतात. उशाशी ठेवायचा एक डबा, त्याला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. डब्यातला पंखा खोलीतलीच हवा थोड्या दाबाने आत ढकलतो आणि झोपेत सैल पडून मिटणारा घसा उघडा राहतो. एवढंच. त्यात ऑक्सिजन नाही, औषध नाही. नीट बसलं तर पहिल्याच रात्री घोरणं थांबतं. इतक्या लवकर गुण देणारे उपाय वैद्यकात थोडेच असतील. आणि तरीही, १९९४ ते २०१५ या काळातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा दिसलं की साधारण एक तृतीयांश रुग्ण हे यंत्र पुरेसं वापरत नाहीत. या वीस वर्षांत डबा लहान झाला, आवाज कमी झाला, मास्क मऊ झाले. प्रमाण मात्र हललं नाही.

म्हणजे सगळा दोष डब्याच्या माथी मारता येत नाही. रुग्णाच्या हट्टावर ढकलूनही भागत नाही, असं माझं मत. ते नुसतं मांडण्यापेक्षा वाद लावून दिलेला बरा. अकोल्याचे मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. अमरावतीची भाची झोपेची तपासणी करणाऱ्या दवाखान्यात तंत्रज्ञ. माणसं मी रचलेली आहेत. अभ्यास आणि आकडे रचलेले नाहीत, आणि तक्रारीही अशा यंत्राच्या भोवती नेहमी निघतात त्याच.

भाची : मामा, मशीन दिसत नाही उशाशी.

मामा : कपाटावर हाय. चादरीत गुंडाळून ठेवली. चाळीस हजाराची वस्तू, धूळ नाई लागू द्यायची.

भाची : लावता ना पण?

मामा : लावतो ना. चार-पाच घंटे त होतेच.

भाची : मी कार्ड पाहिलं. मशीन स्वतःच तास लिहून ठेवते. गेल्या महिन्यात बोटांवर मोजाव्यात इतक्या रात्री, आणि त्याही दोन-अडीच तासांच्या.

मामा : म्हंजे चाहाडखोर बी हाय हे!

भाची : रागावू नका, तुम्ही काही पहिले नाही. १९९३ सालचा एक अमेरिकन अभ्यास आहे. ३५ रुग्णांच्या मशीनमध्ये त्यांना न सांगता मोजणी बसवली होती. त्यांतले ६० टक्के म्हणाले, आम्ही रोज रात्री लावतो. दहापैकी सात दिवस, दिवसाला किमान चार तास, एवढीच अट लावून पाहिली, तर १६ जणच त्यात बसले.

मामा : मंग उरलेले एकोनीस काय मूर्ख होते? निम्म्याच्या वर लोकायले जे जमत नाई, त्यात लोकायचा दोष कसा? माही बाजू आयक. मे महिन्यात अकोल्यात रात्री अकराले बी भित भाजते. आमी गच्चीवर झोपनारे लोक. गच्चीवर नेऊ का तो डबा? खाली कूलरसमोर झोपलो त तोंडाले घाम येते, घामानं मास्क सरकते, अन् सरकला का फुर्रफुर्र हवा डोयात. सकायी डोये लाल. पोट फुगते ते येगयंच, दिवसभर ढेकर.

भाची : मास्क आवळून बांधला असेल तुम्ही.

मामा : आवयला ना! नाकावर वळ पडला. अन् मिशीतून हवा निंघतेच. देनारा पोरगा म्हने, काका, मिशी काढा. चाळीस वर्षाची मिशी! म्यां म्हटलं, मंग मशीन वापस घेऊन जा.

भाची : मिशी काढायची गरजच नव्हती. नाकपुड्यांवर नुसत्या दोन मऊ गाद्या टेकतात असाही मास्क येतो. तो मिशीच्या वर बसतो.

मामा : हे तू आता सांगून रायली. चाळीस हजार गेल्यावर.

भाची : आणि गुदमरायला होतं का?

मामा : होते म्हंजे? वादळ आलं का लाईन जाते. लाईन गेली अन् मास्क तोंडावरच रायला, त सकायी मी उठीन का नाई? हे डोकशात आलं का झोपच येत नाई.

भाची : वीज गेल्यावर श्वास कोंडत नाही, मामा. मास्कला बारीक छिद्रं असतात, आणि नाकावरचाच असेल तर तोंड मोकळं असतं. तोंडासकट झाकणाऱ्या मास्कला वेगळी झडप असते, दाब गेला की ती उघडते. आणि पाणी तापवण्याचा भाग बंद ठेवला तर मशीन एका पंख्याएवढी वीजसुद्धा खात नाही. तुमच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालेल. हे कुणी सांगितलं नव्हतं?

मामा : कोन सांगनार? त्या पोरानं दहा मिनिटं बटनं दाखोली, सही घेतली, गेला. जाताजाता तीन येळा म्हने, सोपं आहे काका.

मध्येच थोडं पाण्याबद्दल. हवेने नाक-घसा कोरडा पडू नये म्हणून डब्याला पाण्याची छोटी टाकी असते. पुस्तिकेत लिहिलेलं असतं, डिस्टिल्ड पाणी घाला. मामा दर्यापूर तालुक्यातल्या गावी मुक्कामाला गेले तेव्हा त्यांनी बोअरचं घातलं आणि टाकीच्या तळाला पांढरा थर धरला. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथलं बोअरचं पाणी माणसांना धड पिता येत नाही, मग ते या टाकीला कसं चालावं? मामांना ‘बॅटरीत टाकतो तसं, डिस्टिल वॉटर, मेडिकलमधून आणा’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. उभी हयात गाडीवर गेलेला माणूस. उलट डिसेंबरात इथे चांगली थंडी पडते, तेव्हा गार नळीत वाफेचं पाणी साचून नाकात थेंब येतात आणि रुग्णाला वाटतं यंत्र बिघडलं. या अडचणी लहान आहेत, प्रत्येकीवर उतारा आहे. पण त्या सगळ्या पहिल्या आठ-दहा रात्रींतच येतात, आणि माणूस यंत्र वापरणार की सोडणार हेही बरंचसं पहिल्या आठवड्यातच ठरतं, असं संशोधक पुन्हा पुन्हा सांगत आले आहेत. आपल्याकडे पुढची भेट बहुधा महिन्याने ठेवतात. तोवर यंत्र कपाटावर पोचलेलं असतं.

मामा : हे सारं सोड. मुख्य गोष्ट सांगू? मले काईच होत नाई. दात दुखला त माणूस दात काढते. ताप आला त गोई खाते. ह्या बिमारीत मी पडलो का झोपतो, सकायी उठतो. मशीन लावली का झोप मोडते. म्हंजे मशीन नसन त मी बरा, मशीन असन त बिमार. असं औषध कोन घेईन?

भाची : तुमच्या रिपोर्टमध्ये तासाला चाळीसच्या वर वेळा श्वास अडतोय. तासाला तीस ओलांडले की आम्ही त्याला तीव्र म्हणतो. आणि निदान दहा सेकंद टिकला तरच तो अडथळा मोजतात. दर वेळी रक्तातला ऑक्सिजन खाली जातो, मेंदू दचकून जागा होतो, घसा उघडतो, तुम्ही पुन्हा झोपता. तुम्हाला त्यातलं काही आठवत नाही इतकंच.

मामा : आठवत नाई, दुखत नाई. कागदावर हाय फक्त.

मामांच्या या बोलण्याला उत्तर देणं मला तरी सोपं वाटत नाही. रक्तदाबही दुखत नाही, पण त्याची गोळी घोटभर पाण्याबरोबर जाते आणि विसरली जाते. इथे आजार झोपेत घडतो आणि उपचाराचा जाच सगळा जागेपणी सोसायचा. तोही रोज, अंथरुणात, तोंडावर बांधून, आणि आयुष्यभर. डॉक्टर आकडा दाखवतात. पण त्या आकड्याची ओळख ज्या माणसाला पटायला हवी, तो त्या वेळी झोपलेला होता.

भाची : बरं, कागद सोडा. पेपर वाचता वाचता तुमची मान पडते ती?

मामा : दुपारची झोप कोनाले येत नाई वं? वऱ्हाडात उन्हाळ्यात सारं गाव झोपते.

भाची : आणि गाडीवर?

मामा : गाडीवर नाई. उभ्या नोकरीत माहा डोया लागला नाई. तवाचा अमरावती-अकोला रस्ता असा होता का खड्डे झोपूच देत नव्हते!

भाची : आता तसा नाही. २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेसमध्ये नाव लावलंय. गाडी सरळ, गुळगुळीत, दुपारची, आणि चालवणारा तुमच्यासारखा.

मामी (स्वयंपाकघरातून) : कुरुमजवय काय झालं ते सांगा ना तिले.

मामा : काय झालं? काईच झालं नाई.

मामी : काईच झालं नाई, कावून का म्यां वरडली. गाडी पट्ट्याच्या खाली गेल्ती.

थोडी शांतता झाली. मग मामांनी मोर्चा फिरवला.

मामा : भेव दाखवू नको. त्या बप्पी लाहिरीच्या बातमीपासून घरात हेच चालू हाय. पोरानं त्याच्यापायीच मले तपासाले नेलं.

बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईत गेले, आणि डॉक्टरांनी कारण म्हणून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं. मराठी घरांत हा शब्द तेव्हा बातम्यांतून पोचला. तसा तो मुंबईला नवा नव्हता. डॉ. झरीर उदवाडिया यांनी हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांचा अभ्यास केला, तो २००४ मध्ये छापून आला. झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण १९.५ टक्के निघालं आणि त्याबरोबर दिवसाची गुंगीही असणाऱ्यांचं ७.५ टक्के. ही माणसं आजारी म्हणून आलेली नव्हती, चांगली चालती-फिरती होती. पण मामांच्या बोलण्यात तथ्य आहे: भीतीने माणूस तपासणीला जातो, यंत्रही विकत घेतो. रात्री अकराला मास्क बांधायला भीती कामाची नाही. ती आठवडाभरात विरते.

मामा : अन् तुले एक इचारतो. पोरानंच वाचून दाखोलं होतं. एवढं मोठं संशोधन झालं, अन् मशीननं हार्ट अटॅक कमी झाले नाई म्हने. मंग?

भाची : खरं आहे. २०१६ चा अभ्यास. २७१७ रुग्ण, सात देश, भारत त्यात होता. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेली माणसं होती. निम्म्यांना मशीन दिली, काही वर्षं पाहिलं, झटके कमी झाले नाहीत.

मामा : पाय! तूच सांगून रायली.

भाची : पण त्यांनी मशीन किती लावली माहीत आहे? सरासरी ३.३ तास. अर्ध्या रात्रीपेक्षा कमी. आणि ज्यांना दिवसा फार झोप येते अशांना त्यात घेतलंच नव्हतं, म्हणजे तुमच्यासारख्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं असतं. एवढं असूनही दिवसाची पेंग कमी झाली, मन जरा बरं झालं, हे त्यातच लिहिलंय. हृदयासाठी लावा असं मी तुम्हाला म्हणतच नाही.

मामा : मंग चार तासाची अट कोनं ठरवली? तीन का नाई, सहा का नाई?

भाची : हिशेबाला सोपी म्हणून रूढ झाली. अमेरिकेत विम्याचे पैसे तिच्यावर ठरतात. पण २००७ च्या एका अभ्यासात दिसलं, की पेंग कमी व्हायला कुणाला चार तास पुरतात, दिवसभराचं कामकाज सुधारायला साडेसातपर्यंत लागतात. तुम्ही तर मास्क दोन वाजता काढता. स्वप्नांची झोप जास्त पहाटेकडे असते, त्या वेळी अंग सगळ्यात सैल पडतं आणि श्वास सगळ्यात जास्त अडतो. म्हणजे सोपी रात्र मास्क लावून काढता, आणि अवघड रात्रीच्या आधी तो काढून ठेवता.

मामा गप्प बसले, पण पटल्यासारखे नाही. तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या आणि भाचीच्या शेजारी बसल्या. इतका वेळ वाद दोघांचा होता. खरं तर या आजाराची एकमेव साक्षीदार स्वयंपाकघरात उभी होती.

मामी : बाई, बिमारी ह्यायची, अन् पाहनारी मी. श्वास थांबते, मंग मले जाग येते. आवाजानं नाई वं, आवाज बंद झाला म्हनून. हालवा लागते. असं किती वर्स झाले. पन डॉक्टरनं मले इचारलंच नाई. मशीनवाला आला तवा ह्यायलाच बसोलं, मले म्हने चहा ठेवा.

भाची : तुम्हाला शिकवलं असतं तर?

मामी : दोन बटनं त हायेत. मिक्सर चालवता येते मले. अन् हे तुले जे सांगत नाई, ते मी सांगू का?

मामा : नोको.

मामी : सांगा लागते. पयल्या रात्री मास्क लावला, अन् उठून आरशात पाह्यलं. ह्यायचे थोरले भाऊ करोनात गेले. तेयले असाच मास्क होता, अशीच नई. फोनवर फोटो आल्ता. तवापासून हे मास्क लावत नाई. गरम होते, मिशी आडवी येते, हे सारं मागून आलं.

२०२१ च्या फेब्रुवारीत करोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात इतरत्र उसळण्याआधी अमरावती-अकोल्यात उसळली. टाळेबंदीही इथे आधी लागली. श्वास कमी पडणाऱ्या अनेकांना वॉर्डात जे यंत्र लावलं जाई ते याच कुळातलं, तशीच नळी, नाकातोंडावर तसाच मास्क. परत न आलेल्यांचं शेवटचं दर्शन कित्येक घरांना त्या मास्कातच झालं. आता त्याच घरातल्या माणसाला सांगायचं की रोज रात्री हे तोंडावर बांध, सोपं आहे काका. यंत्र सोडण्याच्या कारणांचे तक्ते मी पाहिले आहेत: कोरडा घसा, गळती, आवाज, कोंडल्यासारखं वाटणं. मामांनी तक्ता भरला असता तर ‘कोंडल्यासारखं वाटणं’ या रकान्यात खूण केली असती आणि तंत्रज्ञाने दाब थोडा कमी करून दिला असता. ज्याला आपण हट्ट म्हणतो त्याच्या आत काय आहे हे विचारायला कुणाला तरी घरी, चहाच्या वेळेला, बसावं लागतं. चाळीस हजारांच्या किमतीत ते धरलेलं नसतं, आणि माझ्या मते खरा उपचार तोच आहे.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एकदम वेगळीच गोष्ट काढली.

भाची : मामा, ही मशीन कशी निघाली ठाऊक आहे? १९८० मध्ये सिडनीत. तोवर या आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला छिद्र पाडायचं. डॉक्टर कॉलिन सुलिवन यांचा एक रुग्ण म्हणाला, गळ्याला हात लावू देणार नाही, दुसरं काही असेल तर सांगा. तेव्हा त्यांनी मोटार लावून नाकातून हवा सोडून पाहिली. माणूस रात्रभर गाढ झोपला. पुढच्या वर्षी ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. सुरुवातीचे मास्क तर रोज रात्री नाकाला चिकटवून बसवावे लागत.

मामा : म्हंजे नाई म्हननाऱ्यापायीच मशीन निंघाली?

भाची : हो. तुमच्यासारखाच असेल.

मामा : मंग मी बी नाई म्हनतो. दुसरं काई असन त सांग. ते वजनाचं इंजेक्शन निंघालं म्हने.

भाची : निघालंय. टिर्झेपटाइड. लठ्ठपणा आणि हा आजार दोन्ही असलेल्यांसाठी अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये त्याला मान्यता दिली, २०२५ च्या मार्चमध्ये ते भारतात आलं. दर आठवड्याला टोचायचं, महाग आहे, आणि डॉक्टरांनी तुमची साखर-किडनी पाहूनच द्यायचं. गुण यायला महिने लागतात. तोवर रात्री तर रोजच येणार. खालचा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी असते, पण ती सौम्य-मध्यम आजाराला जास्त बरी. कुशीवर झोपा, रात्रीची पार्टी बंद करा, हे तर आहेच.

मामा : पार्टीचं तुले कोनं सांगतलं?

मामी : म्यां.

भाची : मी मास्क बदलून देते. नाकपुडीवाला. तोंडावर काही येत नाही, आरशात तुमचा चेहरा तुम्हाला दिसेल, मिशीसकट. सुरुवातीला झोपायचंच नाही त्यात. संध्याकाळी टीव्ही पाहताना अर्धा तास लावून बसा, मामी लावून देतील. उन्हाळाभर पाण्याची टाकी नको, कूलरच्या हवेत ओल असतेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फोन करीन, मामींना करीन. आठव्या दिवशी कार्ड घेऊन अमरावतीला या.

मामा : लग्नागिग्नाले नेनार नाई. पाव्हन्यात मशीन लावून झोपनार नाई.

भाची : नका नेऊ. लग्नाच्या रात्री कोण झोपतं? पण कार्ड नीट दिसेपर्यंत गाडी चालवायची नाही.

मामा : हे नाई जमनार. पस्तीस वर्स स्टेरिंगवर गेले माहे.

मामी : चावी माह्याजवय हाय.

मामा : घे. दोघी एक झाल्या. मंग त्या नाकपुडीवाल्याची किंमत सांग आधी.